गुडघ्याचें दुखणें आणि मनाचा भार

गेल्या महिन्यांत अकोल्याहून एका भगिनींचें पत्र आमच्याकडे आलें. पत्र लांबलचक असून त्यांतील सर्व मजकूर येथें देण्याचें प्रयोजन नाहीं. परंतु त्यांतला प्रश्न त्यांच्या एकटीच्या घरचा नसून आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरचा असावा असें आम्हांस वाटलें. म्हणून त्याचें उत्तर खासगी पत्रानें न देतां या सदरांतूनच देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रश्न थोडक्यांत असा. घरांत सासूबाई आहेत, वय अडुसष्ट. त्यांचे यजमान दोन वर्षांपूर्वीं निवर्तले. तोंपर्यंत देवघर, स्वयंपाकघर, संक्रांतीचें हळदीकुंकू, उन्हाळ्यांतले पापड-कुरडया, सर्व कांहीं त्यांच्याच देखरेखीखालीं व्हावयाचें. आतां दोन्ही गुडघे आणि कंबर सतत दुखते. दोन वर्षांत वजन नऊ किलोंनीं वाढलें. दिवसाचा बहुतेक वेळ पलंगावर जातो. राजराजेश्वराच्या दर्शनास जाणें सुटलें, शेजारणींकडे बसणें सुटलें, बोलणेंही कमी झालें. एक्स-रे काढला, त्यांत ‘वयोमानाप्रमाणें झीज’ एवढेंच निघालें. तेव्हांपासून घरांत दोन पक्ष पडले आहेत. थोरले दीर म्हणतात, “झीज थोडी आणि कुरकुर फार.” पत्र लिहिणाऱ्या सूनबाईंस तसें वाटत नाहीं, पण रात्रीं दोन वाजतां कण्हणें ऐकूं आलें म्हणजे त्यांच्याही मनांत क्षणभर शंका येते, आणि मग त्या शंकेचीच त्यांना लाज वाटते. त्यांनीं आम्हांस विचारलें आहे : “हें दुखणें खरें, कीं मनाचें?”

आमचें नम्र मत असें कीं, येथें प्रश्नच चुकीच्या रीतीनें मांडला गेला आहे. दुखणें खरें आहे, आणि त्यांत मनाचाही भाग आहे. या दोन विधानांत विरोध आहे असें जें आपण समजतों, तेथेंच सारी चूक होते.

वेदना म्हणजे काय, याविषयींची समजूत गेल्या साठ वर्षांत पुष्कळ बदलली आहे. पूर्वीं असें मानीत कीं, गुडघ्यांत कांहीं बिघडलें म्हणजे तेथून मेंदूकडे निरोप जातो, आणि जेवढा बिघाड तेवढीच वेदना. १९६५ सालीं रोनाल्ड मेलझॅक व पॅट्रिक वॉल या दोघां संशोधकांनीं असें प्रतिपादन केलें कीं, मज्जारज्जूंत या निरोपांच्या वाटेवर जणूं एक फाटक आहे, आणि तें किती उघडावें व किती लोटून घ्यावें यांत मेंदूचा मोठा हात असतो. या उपपत्तीच्या तपशिलांत पुढें बदल झाले. तिचें सार मात्र टिकून आहे. घरचाच दाखला पाहा. मुंजीच्या गर्दींत पुऱ्या तळतां तळतां बोट भाजतें, तें त्या वेळीं जाणवतही नाहीं; रात्रीं पंगती उठल्यावर, सर्वत्र निजानीज झाली म्हणजे तेंच बोट झोंबूं लागतें. बोट तेंच, भाजणें तेंच. फाटक मात्र उघडलेलें असतें. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनें १९७९ सालीं वेदनेची जी व्याख्या केली व २०२० सालीं जी सुधारून घेतली, तींत वेदना ही संवेदना आणि भावना या दोहोंचा अप्रिय अनुभव असल्याचें म्हटलें आहे. म्हणूनच एक्स-रेंत मोठी झीज असूनही कोणी जिना चढून जातो, आणि थोडी झीज असतां दुसऱ्यास उठवत नाहीं. दुसरा खोटें बोलतो असा याचा अर्थ नव्हे.

तीन महिन्यांहून अधिक काळ राहिलेल्या वेदनेस वैद्यकांत जुनाट वेदना म्हणतात. म्हातारपणीं अशा वेदनेचा दोर बहुधा तीन पेडांनीं वळलेला असतो : सांधा, शरीराचें वजन आणि मनाची स्थिति. हे पेड आम्ही एकेक उलगडून दाखवितों.

वजनाचा पेड सर्वांस माहीत आहे असें वाटतें. पण त्याचा हिशेब थोड्यांसच ठाऊक असतो. २००५ सालीं अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलिना प्रांतांत, गुडघ्याचा संधिवात असलेल्या १४२ स्थूल वृद्धांची चाल मोजून संशोधकांनीं असें दाखविलें कीं, शरीराचें वजन एक किलो उतरलें तर पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारें चार किलोंनीं हलका होतो. दिवसांतून हजार पावलें टाकणाऱ्या गुडघ्यास हा लाभ हजार वेळां मिळतो! परंतु वजनाचा अपाय केवळ ओझ्याचा नव्हे. स्थूल माणसांच्या हाताच्या बोटांचे सांधेही अधिक झिजतात असें आढळतें. आणि बोटांवर कांहीं कोणी चालत नाहीं. याचें कारण असें कीं, मेद म्हणजे कोठारांत पडून राहिलेलें निरुपद्रवी तूप नव्हे. विशेषतः पोटांतील मेद अशीं द्रव्यें रक्तांत सोडीत असतो, कीं ज्यांमुळें सर्व शरीरांत मंद दाह धुमसत राहतो. तो सांध्यांस बाधतो, आणि मेंदूवरही त्याचा परिणाम होत असावा असें मानण्यास आतां पुष्कळ आधार आहे.

“आमच्याकडे कोणी तेवढें स्थूल नाहीं,” असें म्हणून हा परिच्छेद कोणी ओलांडून जाऊं नये. २००४ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचें एक छायाचित्र शेजारीं शेजारीं छापलें होतें. किलोंतील वजनास मीटरांतील उंचीच्या वर्गानें भागिलें असतां जो देहभारांक येतो, तो दोघांचाही २२.३ होता. पण शरीरांतील मेदाचें प्रमाण युडकिन यांचें ९.१ टक्के, तर याज्ञिकांचें २१.२ टक्के निघालें! आपल्या लोकांचे हातपाय बारीक आणि मेद पोटाशीं, ही गोष्ट तराजूच्या काट्यास दिसत नाहीं. म्हणून भारतीयांसाठीं देहभारांकाची मर्यादा २३ धरितात, आणि २५ च्या पुढें स्थूलपणा मानितात. कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरांहून अधिक नसावा असें सांगतात. शिंप्याची टेप प्रत्येक घरांत असते. तिचा हाही एक उपयोग आहे.

आतां तिसरा पेड, मनाचा. ज्याला हल्लीं सर्वत्र डिप्रेशन म्हणतात, तें नैराश्य म्हाताऱ्या माणसांत रडण्याच्या रूपानें येईलच असें नाहीं. तें पुष्कळदां अंगदुखी, थकवा, झोपमोड, अन्नावरची वासना जाणें किंवा उगाच चरत राहणें, आणि “आतां मला कशाला विचारतां?” अशा तुटक उत्तरांच्या रूपानें येतें. मेंदूंतील जीं रासायनिक द्रव्यें मनाची उभारी राखितात, त्यांतलींच कांहीं वेदनेचें तें फाटक लोटून धरण्याच्या कामींही येतात. उभारी गेली कीं फाटक सताड उघडतें. गुडघा दुखला म्हणजे चालणें सुटतें. चालणें सुटलें म्हणजे वजन वाढतें व माणसें दुरावतात. माणसें दुरावलीं म्हणजे मन खचतें. आणि मन खचलें म्हणजे तोच गुडघा दुप्पट दुखतो. २०१० सालीं १५ दीर्घकालीन अभ्यासांचा, म्हणजे ५८,७४५ माणसांचा, एकत्र विचार करण्यांत आला. त्यांत स्थूल माणसांस पुढें नैराश्य येण्याचा संभव अर्ध्याहून अधिक वाढलेला दिसला. आणि निराश माणसें पुढें स्थूल होण्याचा संभवही जवळजवळ तितकाच वाढलेला दिसला. आधीं कोण आणि मागून कोण, हा वाद म्हणून व्यर्थ होय.

आपल्याकडे हें प्रमाण किती असावें? मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनें इतर संस्थांच्या साहाय्यानें २०१७-१८ सालीं देशभर ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. त्यांत साठीच्या पुढील लोकांत सुमारें ८ टक्क्यांस नैराश्य असावें असें दिसलें. परंतु “आम्हांस तसें डॉक्टरांनीं सांगितलें आहे” असें म्हणणारे एक टक्काही नव्हते. म्हणजे दहांतले नऊजण आपल्या दुखण्याचें नांवही न कळतां तें सोशीत आहेत.

येथवर आम्हीं वजन वाढण्याविषयींच बोललों. पण याच चक्राची दुसरी बाजूही आहे. अमरावतीस अंबादेवीच्या परिसरांत राहणारे एक निवृत्त शिक्षक आमच्या परिचयाचे आहेत. वर्षभरांत ते आठ किलोंनीं उतरले. कंबर दुखते म्हणून त्यांनीं सकाळचें फिरणें सोडलें होतें. जो तो म्हणे, “मास्तर, बरे सडपातळ झालांत!” मास्तर हंसत आणि घरीं येऊन भिंतीकडे तोंड करून निजत. पुढें त्यांच्या नातीनेंच आग्रह धरून त्यांना डॉक्टरांकडे नेलें, तेव्हां नैराश्य हेंच मूळ असल्याचें निघालें. म्हातारपणीं प्रयत्न न करितां उतरलेलें वजन ही अभिनंदनाची गोष्ट नव्हे. तेथें नैराश्य, मधुमेह, क्षय किंवा याहूनही गंभीर कारण असूं शकतें. आणि मेदाबरोबर स्नायूही जातात, म्हणून सांध्यांचा आधार सुटून वेदना वाढते ती वाढतेच.

या अमरावती जिल्ह्यांतच एक उद्बोधक प्रयोग झाला आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनीं होरपळलेल्या या भागांतील ३० खेड्यांत ‘संगथ’ या संस्थेनें ‘विश्राम’ नांवाचा कार्यक्रम चालविला. गांवांतल्याच साध्या माणसांस शिकवून त्यांनीं घरोघर जावें, बसावें, ऐकावें, धीर द्यावा, आणि जरूर त्यांस समुपदेशकांकडे किंवा मनोविकारतज्ज्ञांकडे पोंचवावें अशी ती योजना होती. अठरा महिन्यांपूर्वीं नैराश्य असलेल्या लोकांपैकीं ४.३ टक्के उपचारापर्यंत पोंचत होते. नंतर तें प्रमाण २७.२ टक्के झालें. ही पाहणी २०१७ सालीं प्रसिद्ध झाली. ती केवळ वृद्धांची नव्हती, सर्व प्रौढांची होती. पण तिच्यांतला धडा आपल्या घरांसही लागू आहे. औषधें पूर्वींही होतीं. नव्हतें तें दारांत येऊन विचारणारें माणूस. खेड्यांत जें काम परक्यानें येऊन केलें, तें एकत्र कुटुंबांत दहा माणसें असतांही होऊं नये, ही खेदाची गोष्ट नव्हे काय?

याचें कारण, आम्हांस वाटतें, आपल्या आदराच्या कल्पनेंत आहे. सून कर्ती झाली कीं ती म्हणते, “आई, तुम्ही आतां बसा.” मुलगा म्हणतो, “तुम्हीं जन्मभर पुष्कळ केलें.” हेतु प्रेमाचा असतो, यांत शंका नाहीं. पण पळी हातांतून काढून घेतली, किल्ल्यांचा जुडगा घेतला, भाजी निवडण्याचें ताटही उचललें, कीं राहतो तो पलंग व समोरचा टी.व्ही. ज्या बाईनें पन्नास वर्षें घर चालविलें, तिला आपण मानानें अडगळींत बसवितों. हालचाल गेली म्हणून स्नायू जातात, वजन चढतें. आणि ‘माझें आतां कांहीं काम नाहीं’ हा विचार मनांत घर करितो. त्यानंतर लक्ष मिळण्याची एकच वाट उरते, ती दुखण्याची. कारण दुखलें तरच कोणी जवळ येऊन बसतें. थोरल्या दिरांस जी कुरकुर वाटते, ती पुष्कळदां ही हांक असते.

यावर उपाय आहेत, आणि ते दोराच्या कोणत्याही पेडाकडून सुरू करितां येतात, ही मोठ्या समाधानाची गोष्ट होय. २००३ सालीं अमेरिकेंत साठीच्या पुढील, संधिवात व नैराश्य दोन्ही असलेल्या १,००१ लोकांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. ज्यांच्या नैराश्यावर औषधानें व समुपदेशनानें नीट उपचार झाले, त्यांची सांधेदुखीही वर्षअखेर इतरांहून कमी होती. उपचार मनावर, आणि आराम गुडघ्यास! दुसरीकडे २०१३ सालच्या एका प्रयोगांत गुडघेदुखीच्या ४५४ स्थूल लोकांचे तीन गट पाडले होते : एकास आहारनियमन, एकास व्यायाम आणि एकास दोन्ही. दीड वर्षानें दोन्ही करणाऱ्यांची वेदना सर्वांत कमी निघाली.

तेव्हां अकोल्याच्या भगिनींस आमची सूचना अशी. प्रथम सासूबाईंस डॉक्टरांकडे न्यावें व थायरॉईड, ड जीवनसत्त्व आणि ब-१२ जीवनसत्त्व यांची तपासणी करून घ्यावी. थायरॉईड ग्रंथि मंदावली तर वजन, उदासीनता व अंगदुखी ही तिन्हीं लक्षणें एकाच वेळीं दिसूं शकतात. आणि ब-१२ ची उणीव शाकाहारी घरांत विशेष असते, तिनें पायांस मुंग्या येतात व मनही खिन्न होतें. वेदनाशामक गोळ्या दुकानांतून परस्पर आणून रोज देऊं नयेत; त्यांपैकीं पुष्कळ गोळ्या वृद्धांच्या जठरास व मूत्रपिंडांस अपाय करितात आणि रक्तदाब वाढवितात. चालू असलेलीं सर्व औषधें डॉक्टरांस दाखवावीं, कारण कांहीं औषधांनींही वजन वाढतें.

आहारांत उपाशी ठेवणें हा उपाय नव्हे. एकादशीस साबुदाण्याची खिचडी व बटाटा खाल्ल्यानें वजन उतरत नाहीं. तो बहुतेक सारा पिष्टाचाच आहार आहे. ज्वारीची भाकर, तुरीचें किंवा मुगाचें घट्ट वरण, ताक-दही, भाजी, आणि तेल-साखरेस आळा, हा आपला वऱ्हाडी आहारच पुरेसा आहे. वजन हळूहळू, महिन्यास एक-दीड किलोच उतरावें. झपाट्यानें उतरविल्यास स्नायू झडतात. व्यायामाविषयीं अमरावतीकरांस आम्हीं काय सांगावें? ज्या गांवीं वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलें आणि ज्या मंडळाचे खेळाडू १९३६ सालीं बर्लिनपर्यंत जाऊन आपले देशी खेळ दाखवून आले, त्या मुलुखांत आजीनें खुर्चीवर बसून पाय सरळ करण्याचा व्यायाम करावयास लाजूं नये. एक पाय उचलून ताठ धरावा, पांच आंकडे मोजावे, सोडावा. असें दहा वेळां, सकाळ-संध्याकाळ. आमच्याकडे उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो, म्हणून चालणें उजाडतांच व्हावें. आरंभीं पांच मिनिटेंही पुष्कळ.

मनासंबंधीं दोनच प्रश्न विचारावे. गेल्या पंधरा दिवसांत कशांतच मन लागत नाहीं असें झालें का? उदास, निराश वाटत राहिलें का? हे प्रश्न सर्वांदेखत, जेवणाच्या पानावर विचारूं नयेत. रात्रीं पायांस तेल लावतां लावतां, नातीनें किंवा सुनेनें, हळूच विचारावे. आणि उत्तर आलें तर उपदेश करूं नये, ऐकावें. “देवानें आतां उचलावें” हें वाक्य वारंवार येऊं लागलें, तर तें म्हातारपणाचें बोलणें म्हणून हंसण्यावारी नेऊं नये. डॉक्टरांस त्याच आठवड्यांत सांगावें, आणि जिवाचें कांहीं बरेंवाईट करण्याची भाषा असेल तर त्याच दिवशीं. अकोल्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकार विभाग आहे. तसेंच सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा दूरध्वनि क्रमांक २०२२ पासून चालू असून तेथें विनामूल्य सल्ला मिळतो. डॉक्टरांनीं मनाचें औषध लिहून दिलें तर “आम्हांस वेडे ठरविलें” असें कोणी समजूं नये. त्यांतलीं कांहीं औषधें जुनाट वेदनेवरही दिलीं जातात.

आणि शेवटीं, पळी परत द्यावी. संबंध स्वयंपाक नव्हे; पण पातोडीचें पीठ भिजवितांना मीठ-तिखटाचा अंदाज त्यांनीं सांगावा, संक्रांतीचें वाण त्यांनीं ठरवावें, नातवाचें पाठांतर त्यांनीं ऐकावें. ज्या हातांस काम आहे, त्यांच्याकडे वेदनेचें फाटक लोटून धरण्याचें थोडें बळ असतें.

थोरल्या दिरांसही एक विनंती. मातोश्रींचें दुखणें खरें कीं खोटें, हा न्यायनिवाडा एक महिना तहकूब ठेवावा, आणि रोज पहांटे त्यांच्या बरोबर कोपऱ्यावरच्या झाडापर्यंत चालून यावें. त्या किती पावलें टाकतात हें मोजूं नये. वाटेंत काय बोलतात तें ऐकावें. महिन्यानें काय दिसलें, तें भगिनींनीं आम्हांस अवश्य कळवावें. इतर वाचकांचे अनुभवही आम्ही आनंदानें ऐकूं.